जोखीम कोणाची, हिशेब कोणाचा?

"जान मेरी है, तुम्हारा क्या जाता है?"

२०२० सालच्या जून-जुलैत हे वाक्य आमच्या सोलापुरात गल्लोगल्ली ऐकू येत होते. कोणी ते दखनीत बोलत होते, कोणी मराठीत, कोणी तेलुगूत, तर कोणी कन्नडमध्ये. सोलापूर हे चार भाषांचे शहर आहे, पण हे वाक्य चारही भाषांत एकाच सुरात बोलले जात होते. मास्क हनुवटीवर ओढलेला तरुण ते बोलत होता आणि "आयुष्य असेल तेवढे जगू" म्हणणारा म्हातारा माणूसही तेच बोलत होता.

आता ती साथ ओसरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोरोनाला जागतिक महामारी म्हटले होते. तिची आणीबाणी संपल्याचेही त्याच संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. भीतीच्या दिवसांत माणूस आज्ञा पाळतो किंवा मोडतो. विचार करायला त्याला सवड नसते. आता ती सवड आहे. म्हणून त्या वाक्यात खरे किती आणि खोटे किती, हे शांतपणे तपासून पाहावे असे आम्हांला वाटते.

या वाक्यात थोडे खरे आहे. ज्या धोक्याचा परिणाम फक्त आपल्यावर होणार, त्याबद्दल आपण स्वतः ठरवावे, हे कोणीही मान्य करील. विहिरीत उंचावरून सूर मारणाऱ्याला आपण सांभाळ म्हणतो, पण त्याच्यावर खटला भरत नाही. साथीच्या रोगाचे मात्र तसे नाही. कोरोनात तर लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकत होता. म्हणजे "जान मेरी है" म्हणणारा ज्या जिवाची बाजी लावत होता, तो जीव पुष्कळदा त्याचा नव्हताच. तो घरातल्या मधुमेही आजीचा होता. शेजारच्या खोलीत विड्या वळत बसलेल्या, आधीच दम लागणाऱ्या बाईचा होता. बाजी एकाने लावायची आणि हरायचे दुसऱ्याने, असा तो व्यवहार होता.

इथे गणिताचाही एक घोटाळा होतो. आम्ही शिक्षक सातवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवतो, पण ती जगण्यात कशी उतरते हे फारसे सांगत नाही. समजा, एखाद्या रोगाने हजारात पाच माणसे मरतात. ऐकणारा म्हणतो, हजारात पाचच ना? म्हणजे नऊशे पंच्याण्णव वाचतात. आपल्या गल्लीपुरते पाहिले तर त्याचे बरोबर वाटते, कारण गल्लीत हजार माणसे नसतात. पण २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार होती. त्यातल्या निम्म्यांना तो रोग झाला, तर हजारात पाच या दराने २ हजार ३०० हून अधिक मृत्यू होतात. आकडा तोच असतो. एकट्या माणसाला तो क्षुल्लक वाटतो आणि शहराची कब्रस्तान-स्मशाने त्याने भरून जातात. आरोग्य खात्याची नजर शहरावर असते आणि माणूस फक्त स्वतःकडे पाहतो. साथीच्या काळातली निम्मी भांडणे नजरेच्या या फरकातून होतात.

आमच्या समाजात या ठिकाणी एक वेगळा युक्तिवाद येतो. मृत्यूची वेळ ठरलेली आहे, मग भ्यायचे कशाला? तवक्कुल कुठे गेला? हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून त्याला हसून उत्तर देऊ नये. इस्लामच्या इतिहासात हा प्रश्न इ. स. ६३९ च्या सुमारासच विचारला गेला आहे. हजरत उमर (र.) शामच्या दौऱ्यावर असताना सर्ग या ठिकाणी त्यांना बातमी मिळाली की पुढे वबा पसरली आहे. त्यांनी आधी मुहाजिरांना बोलावले, मग अन्सारांना. दोन्हीकडे मतभेद झाले. मग कुरैशमधल्या बुजुर्गांना बोलावले, त्यांनी एकमताने परत फिरण्याचा सल्ला दिला. उमर परत फिरले. तेव्हा हजरत अबू उबैदा (र.) यांनी अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असे विचारले. उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता की परत फिरणे हीदेखील अल्लाहचीच तकदीर आहे. उंट चारणाऱ्यासमोर एक हिरवी आणि एक उजाड बाजू असेल, तर तो कुठेही गेला तरी तकदीरच्या बाहेर जात नाही. त्यानंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांनी रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण सांगितली. जिथे वबा आहे तिथे जाऊ नये आणि आपण असलेल्या जागी ती आली तर तिथून पळून जाऊ नये.

या शिकवणीचे दोन भाग नीट पाहावेत. पहिल्या भागात माणूस स्वतःला वाचवतो. दुसऱ्या भागात तो दुसऱ्यांना वाचवतो, कारण साथीच्या गावात राहणे त्याच्यासाठी धोक्याचे असूनही त्याने बाहेर पडू नये अशी अपेक्षा आहे. अबू उबैदा शाममध्ये आपल्या लोकांत राहिले आणि त्याच अमवासच्या वबेत वारले. उमर यांच्या परत फिरण्यात भित्रेपणा नव्हता आणि अबू उबैदा यांचे तिथे राहणेही वेडे साहस नव्हते. दोघांच्याही हिशेबात दुसरा माणूस होता. "जान मेरी है" या वाक्यात तोच दुसरा माणूस नाही. म्हणून त्या वाक्याला तवक्कुल म्हणता येत नाही.

मग धाडस वाईट का? मुळीच नाही. जोखीम स्वतःच्या अंगावर घेणे आणि ती दुसऱ्याच्या अंगावर टाकणे, यांत फरक आहे. सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी वारल्या. २०२० मध्ये अकोल्याच्या कच्छी मेमन जमातीच्या कार्यकर्त्यांनी, ज्यांच्या प्रेताजवळ जायला नातेवाईकही तयार नव्हते अशा हिंदू मृतांना अग्नी दिला. तो पूर्ण संरक्षक पोशाख घालून दिला. धोका त्यांनी पत्करला, पण तो घरी नेला नाही. धाडसाची ही जात वेगळी आहे.

इथपर्यंत आम्ही सल्ला ऐकणाऱ्याबद्दल बोललो. पण एवढ्यावर थांबलो तर तो अन्याय होईल. सल्ला देणाऱ्यावरही काही कर्ज असते आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते.

पहिले कर्ज असे की जो सल्ला पाळता येतो तोच द्यावा. वारंवार वीस सेकंद हात धुवा, असे आम्हांला सांगण्यात आले. उजनीसारखे धरण जिल्ह्यात असूनही सोलापूरच्या नळाला काही दिवसांआड पाणी येते, ही इथल्या प्रत्येक बाईला माहीत असलेली गोष्ट आहे. आजारी माणसाला वेगळ्या खोलीत ठेवा, असे सांगण्यात आले. ज्या घरात एकच खोली आहे, तिथेच चूल आहे आणि तिथेच आठ माणसे झोपतात, त्या घराने वेगळी खोली कुठून आणायची? घरी बसा, असे सांगण्यात आले. यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणणारा मजूर आणि हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी घेणारी बाई घरी बसली की त्या दिवसापासून चूल थंड होते. २५ मार्च २०२० पासूनची टाळेबंदी चार तासांच्या मुदतीने आली. ८ मे रोजी तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाड येथे, जालन्याहून पायी गावाकडे निघालेले १६ मजूर थकून रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले. ते कोरोनाने मेले नाहीत, म्हणून कोरोनाच्या आकड्यांत त्यांची गणती नाही. पण जोखमीच्या खऱ्या हिशेबात ती असायला हवी.

शाळांचेही तसेच झाले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रात ४ ऑक्टोबर २०२१ रोजी त्या मोठ्या प्रमाणात उघडल्या, तेव्हाही शहरात फक्त आठवीपासून पुढचे वर्ग भरले. लहानग्यांना आणखी थांबावे लागले. सुरुवातीला शाळा बंद ठेवणे शहाणपणाचेच होते, कारण रोगाबद्दल काहीच कळत नव्हते. पण दीड वर्षाच्या बंदीची किंमत रोजच्या पत्रकात कधी छापून आली नाही. 'असर'च्या पाहणीनुसार, ग्रामीण भारतात तिसरीतली जी मुले दुसरीचा उतारा वाचू शकत होती, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले. घरात एकच मोबाईल आणि तोही बापाबरोबर कामावर गेलेला, अशा घरांतली मुले आमच्या उर्दू शाळांत मोठ्या संख्येने शिकतात. ऑनलाइन शिक्षण हा सल्ला त्यांच्यासाठी नव्हता.

दुसरे कर्ज सत्याचे आहे. साथीत सुरुवातीला कोणालाच पूर्ण माहिती नसते, त्यामुळे सल्ला बदलतो. २०२० च्या वसंतात जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की आजारी माणसाने आणि त्याची सेवा करणाऱ्याने मास्क घालावा, सर्वांना त्याची गरज नाही. रुग्णसेवकांना मास्क कमी पडतील ही काळजीही त्यामागे होती. ५ जूनला तिने गर्दीच्या ठिकाणी सर्वांसाठी कापडी मास्कचा सल्ला दिला. भारत सरकारने घरी केलेले मास्क वापरण्यास एप्रिलमध्येच सांगितले होते. सल्ला बदलला यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्ञान वाढले की मत बदलावे लागते. मात्र पहिला सल्ला देताना "आज आम्हांला एवढेच माहीत आहे, उद्या हे बदलू शकते" हे एक वाक्य सांगायला हवे होते. ते न सांगितल्यामुळे बदल झाला तेव्हा लोकांना ती फसवणूक वाटली आणि अफवांना रान मोकळे झाले.

लसीच्या बाबतीतही हेच दिसले. कोविशिल्ड या नावाने आपल्याकडे दिल्या गेलेल्या लसीमुळे फार थोड्या लोकांच्या रक्तात गुठळ्या होतात, हे २०२१ च्या सुरुवातीला उघड झाले. ब्रिटनमध्ये मार्चअखेर सुमारे २ कोटी मात्रांमागे असे ७९ रुग्ण आढळले होते, त्यांतले १९ दगावले. भारतात मे महिन्यात सरकारी समितीने दहा लाख मात्रांमागे ०.६१ असे प्रमाण सांगितले. ब्रिटनने तरुणांना दुसरी लस देण्याचा सल्ला दिला. आपल्याकडे तीच लस चालू राहिली. काहींनी यावरून विचारले की गोऱ्यांचा जीव महाग आणि आमचा स्वस्त का? प्रश्न बोचरा होता, पण त्याला उत्तर होते. जोखीम नेहमी दुसऱ्या जोखमीशी तोलायची असते. ब्रिटनमध्ये तेव्हा साथ उतरली होती, दुसऱ्या लसी हाताशी होत्या आणि तरुणांना रोगाचा धोका कमी होता. आपल्याकडे एप्रिल-मे २०२१ मध्ये प्राणवायूसाठी माणसे तडफडत होती. लस घेण्याचा धोका लाखात एकाहून कमी होता आणि न घेण्याचा त्याच्या कितीतरी पट जास्त. एवढे सरळ गणित आमच्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही बाईला समजले असते. तिला ते समजणार नाही असे गृहीत धरून "लस पूर्ण सुरक्षित आहे" एवढेच सांगितले गेले. मग गुठळीची एक बातमी आली आणि तेवढ्याने तिचा विश्वास डळमळला. जो धोका लपवला जातो तो लोकांच्या मनात दसपट मोठा होतो.

तिसरे कर्ज समान वागणुकीचे आहे. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजमध्ये झालेल्या मेळाव्यातून संसर्ग पसरला, हे खरे आहे. पण त्यानंतर काही वाहिन्यांनी रोगालाच धर्म चिकटवला. भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना, त्यांना बळीचा बकरा करण्यासाठी निवडले गेल्याची शक्यता बोलून दाखवली. तोवर चार-पाच महिने उलटून गेले होते. त्याआधीच्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या कागदांची भीती घराघरांत शिरली होती. अशा वेळी आम्ही शिक्षक सर्वेक्षणाला दारोदार गेलो. तापमान मोजायचे यंत्र आणि ऑक्सिमीटर पाहण्याआधी लोकांची नजर आमच्या हातातल्या वहीवर जायची. "सर, नाम लिखको क्या करते? उठाको ले जाते क्या?" असे एका दारात विचारले गेले, तसेच दहा दारांत. ज्याला अशी भीती वाटते तो ताप लपवतो, खोकला दाबतो आणि धाप लागल्यावर दवाखान्यात येतो. एप्रिल २०२० मध्ये सोलापूरच्या पहिल्या रुग्णाचे निदान कळले तेव्हा तो या जगात नव्हता. पुढे उशिरा दाखल होणारे रुग्ण ही त्या उन्हाळ्यात शहराची मोठी चिंता झाली. बदनामीने माणसाचे मन दुखावते एवढेच नाही, तिच्यामुळे रोगही पसरतो. जोखमीच्या तक्त्यात तिच्यासाठी एक रकाना असायला हवा.

ही गोष्ट नवी नाही. मुंबईत प्लेग आला तेव्हा १८९७ चा साथरोग कायदा करून सरकारने घरे तपासली आणि माणसे उचलून नेली. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासण्यावरून दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे मेली. ते विणकर अडाणी होते म्हणून चिडले, असे म्हणणे सोपे आहे. पण आपल्या घरातल्या मुलीला परका पुरुष तपासणार, तिला कुठे नेणार आणि ती परत येणार का, हे त्यांना कोणी विश्वासात घेऊन सांगितले नव्हते. पुढे सरकारला सक्ती सैल करावी लागली आणि समाजातल्या पुढाऱ्यांची मदत घ्यावी लागली. त्याच काळात हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. विशीतल्या आगाखानांनी ती सर्वांदेखत टोचून घेतली, म्हणजे त्यांच्या खोजा जमातीची भीती जावी. जी जोखीम घ्यायला आपण लोकांना सांगतो, ती आधी स्वतः घेणे याहून चांगली साक्ष नाही.

नियम सर्वांवर सारखा पडला की लोक तो सोसतात, हेही आमच्याच जिल्ह्याने पाहिले. २५ मे २०२० ची ईद आम्ही घरात केली. इदगाह रिकामे राहिले. १ जुलैच्या आषाढी एकादशीला पंढरपुरात वारकऱ्यांचा सागर नव्हता, संतांच्या पादुका एसटीने आल्या. दोन्ही घरांत डोळे ओले झाले आणि दोन्ही घरांनी नियम पाळला.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. सल्ला देणाऱ्याने आपले कर्ज फेडले नाही, खोटे सांगितले, अपमान केला, तर ऐकणारा आपल्या कर्जातून सुटतो का? आमच्या मोहल्ल्यात अनेकांचे उत्तर "हो" असे होते. त्यांनी आम्हांला गुन्हेगार म्हटले, मग आम्ही त्यांचे का ऐकायचे? हा राग समजण्यासारखा आहे. तरीही हे उत्तर चुकीचे आहे असे आमचे मत आहे. मास्क घालून आम्ही सरकारवर किंवा वाहिनीवर उपकार करत नव्हतो. ते कर्ज शेजाऱ्याचे होते. शेजाऱ्याने आमचा अपमान केला नव्हता, मग दुसऱ्यावरचा राग त्याच्या फुप्फुसांवर का काढायचा? बाजारात दुकानदार दोन खाती एकमेकांत वळती करतो, पण त्यासाठी दोन्ही खाती एकाच माणसाची असावी लागतात. इथे माणसे वेगळी आहेत.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. लोक बेशिस्त आहेत, अडाणी आहेत, ऐकत नाहीत, म्हणून खरे सांगण्याची आणि पोट सांभाळण्याची आपली जबाबदारी संपली, असे कोणत्याही अधिकाऱ्याला म्हणता येणार नाही. जुलैतल्या दहा दिवसांच्या दुसऱ्या टाळेबंदीत काठीने लोक घरात गेले असतील, पण काठीने विश्वास येत नाही. आणि पुढच्या साथीत उपयोगी पडणार आहे तो विश्वासच.

पुढची साथ येणार, हे इतिहास सांगतो. कधी, ते कोणी सांगू शकत नाही. मधल्या काळात करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले पुष्कळ आपल्या हातात आहे. शेकडेवारीच्या पाठात धोक्याचे गणित आणता येईल. दवाखान्याची पत्रके उर्दू, तेलुगू, कन्नडमध्ये हवीत असा आग्रह आजच धरता येईल. मशिदीचे विश्वस्त आणि प्रभागातल्या आशा कार्यकर्त्या यांची ओळख साथ नसताना करून देता येईल. नळाला रोज पाणी मागणे हीदेखील साथीची तयारीच आहे. आणि घरात मुलांना एवढे तरी शिकवता येईल की "जान मेरी है" म्हणण्याआधी त्या जानेला किती जानी बांधलेल्या आहेत ते मोजून पाहावे.